होड्या रस्त्यानं आल्या

शुक्रवार

मामाचा फोन बुधवारी आला. "शनवार-रव्वार होड्यांच्या शर्यती हाईत. येतोस, का नुसतं फोटोला अंगठा दावतोस?" यावर बोलायला काही उरलं नव्हतं. शुक्रवारी दुपारची अर्धी रजा टाकली आणि एसटी स्टँड गाठला.

मामाच्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं कळेलच. शिरोळ तालुका, वाडीच्या खाली, कृष्णेचा काठ, एवढं पुरे. वाडी म्हणजे नृसिंहवाडी. कोल्हापूर-सांगलीकडं नुसतं 'वाडी' म्हटलं की दुसरी कुठली वाडी कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही.

मी कोल्हापुरातल्या पेठेतला माणूस. आमची नदी पंचगंगा, आणि आमचा तिच्याशी संबंध म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा आकडा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पोरांना सतराचा पाढा येत नसेल, पण हे दोन आकडे झोपेतसुद्धा येतात. पाणी पात्राबाहेर पडलं की घरची सगळी जणं पूर बघायला जातात, वाटेत भजी खातात आणि "यंदा काय खरं न्हाई" म्हणत परत येतात. पण होडीत बसायचं म्हणाल, तर मी बसलोय रंकाळा तलावात. पायानं पायडल मारायच्या होडीत. हे मी गावात कुणाला सांगितलं नाही.

हातकणंगले, जयसिंगपूर. जयसिंगपुरात उतरून भडंगाचे दोन पुडे घेतले. मामीकडं हात हलवत जाता येत नाही. पुढं शिरोळपर्यंत दोन्ही बाजूला ऊस, वर राखाडी आभाळ, नि पाऊस येतोय-जातोय. श्रावण संपत आलेला. फाट्यावर मामेभाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. गावाच्या अलीकडं दोन किलोमीटरवर आमच्या पुढं एक ट्रॅक्टर आला आणि ट्रॉलीत होडी होती.

ट्रॉलीपेक्षा होडी लांब. निमुळतं टोक मागं चांगलं पाच-सहा फूट बाहेर आलेलं आणि त्याला लाल फडकं बांधलेलं. होडीच्या आत आठ-दहा पोरं, अगदी पाण्यात बसतात तशी दोन-दोनच्या जोडीनं, वल्ही उभी धरून. दोन्हीकडं ऊस हलतोय आणि मधनं डांबरी रस्त्यावरून होडी चाललीय. भावानं ओव्हरटेक करताना हॉर्न मारला, तर त्यातल्या एकानं हवेत वल्हं मारून दाखवलं.

"ही नदीनं का येत न्हाईत?" मी विचारलं.

"मधी बंधारं हाईत की. उडवून आणायची व्हय?"

बरोबर आहे. ज्याला राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात, तो आमच्याच नावाचा, आणि त्यानंच नदीचे तुकडे केलेत. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. आधी लाकडी असायचे, आता लोखंडी. बरग्यांच्या दोन रांगा, मधे माती भरायची, की पाणी अडलं. जूनमध्ये बरगे काढतात म्हणजे पुराला वाट मोकळी, पावसाळा सरला की परत घालतात. उसाला पाणी मिळतं ते यामुळं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण होडीच्या दृष्टीनं बघितलं तर उन्हाळ्यात समोर भिंत, आणि पावसाळ्यात बरगे नसले तरी खांबांच्या मधनं पाणी असं घुसतं नि खाली असे भोवरे धरतं, की तिथनं होडी घालणारा एकतर अडाणी नाहीतर प्यालेला. म्हणून नदीकाठच्या एका गावची होडी नदीकाठच्याच दुसऱ्या गावाला ट्रॅक्टरनं जाते.

मामाच्या गावच्या मंडळाची होडी बघायला अंधार पडायच्या आत घाटावर गेलो. होडी दिसेना. भावानं पाण्यात बोट दाखवलं. घाटाच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात, होडी बुडवून ठेवली होती. आत दगड भरलेले, दोन्ही काठ पाण्याखाली.

"वर्षभर शेडात असती. लाकूड वाळतं, फटी पडत्यात. चार दिस बुडवली की फुगतंय नि फटी आपसूक मिटत्यात."

मग आम्ही सात-आठ जण पाण्यात उतरलो. एकेक दगड उचलायचा, काठावर द्यायचा. दगड निघतील तशी होडी एखाद्या म्हशीसारखी सावकाश वर आली, नि पाठ दिसायला लागली. उरलेलं पाणी तेलाच्या कापलेल्या डब्यानं उपसलं. आत हात फिरवून बघितला. फळीला फळी अशी बसली होती की नख जाईना. जिथं जुनी फट होती तिथं डांबर नि सुताच्या चिंध्या ठासलेल्या, त्यासुद्धा फुगून टणक झालेल्या. अजून एका ठिकाणाहून थेंब-थेंब येत होतं. तिथं एका म्हाताऱ्यानं अंगठा दाबला, मान हलवली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तेवढं प्यायला पायजे तिला."

मामाच्या सोप्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या तीन रेघा आहेत. सगळ्यात खाली २००५, मधे २०२१, आणि वर, माझ्या डोक्याच्याही वर, २०१९. दरवर्षी दिवाळीला भिंत रंगवतात, रेघा सोडून.

शनिवार

सकाळी सहाला मामानं उठवलं. वाडीला जाऊन दर्शन घेऊन यायचं, मगच होडीला हात लावायचा, असा नियम. मला तर हे चालणारच होतं, कारण वाडीत बासुंदी मिळते. कवठाची बर्फी घरी न्यायला घेतली. ती दुसरीकडं कुठं सहसा दिसत नाही, आणि माझ्या बायकोला आवडत नाही, त्यामुळं मलाच सगळी मिळते.

घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली होत्या. वाडीचं देऊळ नदीच्या अगदी कुशीत आहे, आणि इथं पुराकडं लोक संकट म्हणून बघायच्या आधी सोहळा म्हणून बघतात. पाणी चढत चढत मंदिराच्या उत्तर दारानं आत येतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात अंघोळ करायला लोक रात्री-अपरात्री धावतात. पाणी त्याच्यावर गेलं की मग मात्र देवालासुद्धा वर हलवावं लागतं. काल रात्री पाणी चढतंय अशी बातमी होती, म्हणून घाटावर लोक वाट बघत बसलेले. एक आजी मला म्हणाल्या, "अजून दोन पायऱ्या पायजेत." आम्हाला शर्यतीसाठी पाणी चढायला नको होतं, त्यांना दोन पायऱ्या हव्या होत्या. दत्तमहाराजांनी कुणाचं ऐकावं?

देवळाच्या खाली थोड्या अंतरावर पंचगंगा कृष्णेला मिळते. पलीकडं कुरुंदवाडचा घाट. संगमावर उभं राहिलं की दोन नद्यांचे रंग थोडा वेळ वेगळे दिसतात, निदान त्या दिवशी दिसत होते: एक गढूळ तांबूस, एक जरा काळपट. काळपट कुठली हे सांगायला मला, पंचगंगेच्या काठच्या माणसाला, लाज वाटते. उन्हाळ्यात तर विचारूच नका. शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी, वर जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे. होडीवाले पंचगंगेत शर्यत का लावत नाहीत, असं मी विचारलं तेव्हा मामा एवढंच म्हणाला, "जलपर्णीत वल्हं अडकतंय." पुढचं त्यानं माझ्यासाठी गिळलं असावं.

परत आलो तर घाटावर गडबड. प्राथमिक फेऱ्या दहाला सुरू व्हायच्या होत्या. पण काठावर रोवलेल्या बांबूवरची खूण पाण्याखाली गेली होती. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, हे रात्रीच मोबाइलवर आलेलं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण. पाणी ठरावीक पातळीला गेलं की दरवाजे आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात, कुणी बटण दाबत नाही. सात दरवाजे, एकातून १४२८ क्युसेक. हे आकडे घाटावर बसलेल्या, शाळेत फार न गेलेल्या माणसानं मला सांगितले. मग गाडी कोयनेवर गेली, तिथून खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर. आलमट्टीवर गेली म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत निश्चिंती. पाणी ५१९ मीटरला ठेवायचं की वर न्यायचं, फुगवटा इथपर्यंत येतो की नाही, यावर एकाच पारावर चार पक्ष झाले. मी भडंग काढलं.

फेऱ्या दुपारी तीनवर गेल्या, मग उद्यावरच गेल्या. पण सराव करायला परवानगी मिळाली, तीही काठाकाठानं, आणि लाईफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी चढायचं नाही या अटीवर. आमच्या होडीतला एक गडी तापानं झोपलेला. मामानं माझ्याकडं बघितलं.

दहा वल्ही आणि मागं सुकाणूला एक. मला उजवीकडं चौथा बसवला. वल्हं हातात घेतल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की ते जड असतं. दुसरी ही, की हातानं वल्हवायचं नसतं. "कमरंनं मार, कमरंनं! हात नुसता दोरी हाय," मागून सुकाणूवरचे आबा ओरडत होते. वय सत्तरच्या पुढं असेल, अंगात बंडी नि त्यावर भगवं लाईफ जॅकेट, तोंडात सुपारी. पुढच्याची पाठ वाकली की आपण वाकायचं, उठली की उठायचं. पंधरावीस वेळा माझं वल्हं पुढच्याच्या वल्ह्यावर खटकन आपटलं. त्याचं काही म्हणणं नव्हतं, फक्त दर वेळी तो "दादा" म्हणायचा, आणि दर वेळी त्यातला आदर कमी होत गेला.

मग एकदा, कसं कोण जाणे, जमलं. दहा वल्ही एकदम पाण्यात गेली, 'छप्' असा एकच आवाज आला, आणि होडी खालून कुणीतरी ढकलल्यासारखी पुढं सरकली. असं सलग बारा-तेरा वेळा झालं. मग माझं परत आपटलं.

उतरलो तेव्हा दोन्ही तळहातांवर मिळून पाच फोड. मामीनं हळद लावली आणि म्हणाली, "कॉम्प्युटरवाल्या हातानं वल्हं मारायला कुणी सांगितलंतं?" श्रावण असल्यामुळं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा प्रश्न नव्हता, भाकरी, घेवड्याची भाजी, खरडा आणि गाडग्यातलं दही. फोड आलेल्या हातानं खरडा खाऊन बघा एकदा.

रात्री लाईट गेली. सोप्यात सगळे बसले होते. २०१९ चा विषय कुणी काढला नाही, तो भिंतीवरच होता. गावाला वेढा पडला तेव्हा पहिले दोन दिवस बाहेरून कुणी पोचलंच नाही. जी काय माणसं हलवली ती गावच्या होड्यांनी. शर्यतीची होडी उपयोगाची नव्हती. ती अरुंद, माणसं भरली की डचमळते. कामाला आली ती जुनी रुंद नाव आणि तिच्यावर शर्यतीचीच पोरं. "धारेला आडवं कसं काढायचं ते ह्यास्नी ठावं हुतं," मामा म्हणाला. म्हातारी माणसं, बाळंतीण, एका फेरीत एक शेळी. मग कुणीतरी ब्रह्मनाळ म्हणालं. ८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं गाव, पुरातून माणसं बाहेर काढताना होडी उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं तिच्यात होती. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "चढू नगा म्हणायचं कसं, पाण्यात हुबं ऱ्हायलेल्याला?"

रविवार

सकाळी खूण वर आली होती. पाणी हातभर उतरलं, ऊन पडलं, आणि आठ वाजेपर्यंत घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या काठावरसुद्धा माणसं, झाडावर पोरं. स्पीकरवाल्यानं गळ्याचं वाटोळं करून घेतलेलं. मधे एक इंजिनाची बोट सुरक्षेला. मगरीची चौकशी मी हळूच केली. "सांगलीकडं हाईत. हितं येत न्हाईत," भाऊ म्हणाला, आणि लगेच, "फारशा."

शर्यतीचा मार्ग साधा असतो. घाटापासून वर, प्रवाहाच्या उलट जायचं, नदीत बांधलेल्या लाल पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. वरून बघणाऱ्याला वाटतं ताकदीचा खेळ आहे. पण आबांनी मला काठावर बसवून दाखवलं. जाताना शहाणी होडी काठाला चिकटून जाते, कारण तिथं पाणी मंद. येताना मधल्या धारेत घुसते, म्हणजे नदीच आणून सोडते. आणि खरी शर्यत पिंपापाशी. तिथं उजवीकडच्यांनी वल्हं रोखून धरायचं, डावीकडच्यांनी मारायचं, आणि सुकाणूवाल्यानं एका क्षणी होडीचं बूड प्रवाहाला द्यायचं. क्षणभर आधी दिलं तर पिंपाला धडक, नंतर दिलं तर होडी पन्नास फूट लांब जाऊन वळते. एक होडी अशीच लांब गेली, नि काठावरनं जो आवाज उठला तो कुस्तीच्या मैदानातच ऐकलाय मी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत काहिलीची शर्यत. ही गंमत म्हणून असते, बक्षीस एक नारळ. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई. गुळाचा हंगाम सरला की ती मोकळी पडायची, आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला पल्याडच्या रानात जायला होडी कुठली परवडायला? काहील लोटायची पाण्यात. वैरण, दुधाच्या किटल्या, बी-बियाणं, माणसं, सगळं तिच्यातनं. मामी नवी नवरी असताना रोज काहिलीतनं भांगलणीला जायची. "पयल्या दिशी डोळं मिटून बसल्ते, दुसऱ्या दिशी मीच वल्हं घेतलं," असं ती सांगते.

मी आणि भाऊ एका काहिलीत. काहिलीला पुढं-मागं नसतं. एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागच्या जागी फिरते, घाबरून दुसऱ्या बाजूनं मारलं की उलटी फिरते. आम्ही निघालो आणि मला घाट दिसला, मग पलीकडचा काठ, मग घाट, मग पलीकडचा काठ. स्पीकरवाला म्हणाला, "कोल्हापूरचे पाव्हणे नदीला प्रदक्षिणा घालत आहेत." काठावरून मामीचा आवाज आला, "फुडं वाक! फुडं वाकून पाणी आपल्याकडं वढ!" तसं केलं आणि काहील खरंच सरळ चालायला लागली. पण तोवर बाकीच्या पाच काहिली पोचल्या होत्या आणि नारळ फुटला होता. आम्हाला त्यातलं खोबरं मिळालं.

शेवटच्या फेरीत आमची होडी आणि दुसऱ्या एका गावची. पिंपापर्यंत बरोबरीत. वळताना दोघांची वल्ही एकमेकांत अडकली, आमचं एक मोडलं, त्यांचा एक गडी पाण्यात पडला आणि पोहत जाऊन परत होडीत चढला. धारेतनं दोन्ही होड्या शेजारी-शेजारी आल्या. आबा सुकाणूवर उभे राहिलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. रेषा म्हणजे अलीकडचा झेंडा आणि पलीकडचं बाभळीचं झाड, यांच्यामधली कल्पनेतली दोरी. पंच झेंड्यापाशी नव्हते, चार हात बाजूला खुर्ची टाकून बसलेले, कारण झेंड्यापाशी ऊन होतं.

मग काय. आमच्या पोरांच्या मोबाइलमध्ये आमची होडी हातभर पुढं, त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांची. दोन्ही व्हिडिओ खरे, दोन्ही तिरके. तासभर वाद चालला. मला कुणीतरी "तुम्ही शिकलेलं, तुम्ही सांगा" म्हटलं. मी व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणालो, नीट दिसत नाही. खरं सांगायचं तर मला एक होडी पुढं दिसली होती. पण एका गावात माझा मामा आहे आणि दुसऱ्या गावात आत्या दिलीय. गावांची नावं का लिहिली नाहीत ते आता ध्यानात आलं असेल.

शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं: ढाल पंचांकडं, शर्यत पुन्हा. संध्याकाळी त्या दुसऱ्या गावची होडी ट्रॉलीवर चढली, टोकाला लाल फडकं बांधलं. आबा त्यांच्या सुकाणूवाल्याला तंबाखू मळून देत उभे होते. दोघं लहानपणी एका तालमीत होते म्हणे.

सोमवार

पहाटेची पहिली एसटी धरली. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघायचं या खेपेलाही राहिलं. दर वेळी मामाकडं येतो आणि दर वेळी राहतं. नऊला ऑफिसात. माऊस धरता येईना, डाव्या हातानं काम केलं. शेजारच्यानं विचारलं काय झालं, तर म्हणालो, "होडी." तो म्हणाला, "रंकाळ्यात?"

दुपारी मामाचा मेसेज आला. बांबूचा फोटो, खूण आणखी वीतभर वर. खाली लिहिलं होतं: "आयतवारी फेर शर्यत. तापवाला अजून उठला न्हाई. हातमोजे आणू नको, पोरं हसत्यात."